आबांचे पद्म पुरस्कार

बारामतीत ज्या दिवशी मी त्या घरी भाड्याने राहायला गेले, त्याच दिवशी दुपारच्या जेवणात पिठल्याला पद्मश्री मिळाली.

मी घास हातात धरून बघतच राहिले. घरमालकांनी पहिला घास गिळला, डोळे मिटले, घसा खाकरला आणि स्टँडवरच्या भोंग्यातून यावा तसल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. आजच्या पिठल्याला पद्मश्री लागलेली हाय."

त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, चुलीपुढून मान न वळवता विचारलं, "आन भाकरीला काय?"

"भाकरीचा विचार चालू हाय."

मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे, महिनाभर काढू आणि दुसरी खोली बघू. त्या घरात मी पुढे कित्येक वर्षं राहिले.

घरमालक, म्हणजे आबा, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नोकरीचा बहुतेक काळ बारामतीच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे बसून त्यांनी गाड्या पुकारल्या. रिटायर झाल्यावर गाड्या गेल्या, आवाज राहिला. त्या आवाजाचं करायचं काय, म्हणून त्यांनी पद्म पुरस्कार वाटायला घेतले असावेत, असा माझा आपला अंदाज. सव्वीस जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी खरी यादी लागते, ती ते टीव्हीपुढे उभं राहून ऐकत. शास्त्रज्ञ, गाणारे, डॉक्टर, कुठल्या तरी डोंगरात झाडं लावणारी आजीबाई, प्रत्येक नावाला मान हलवायची. आणि उरलेलं वर्षभर दिल्लीच्या नजरेतून सुटलेल्यांना न्याय द्यायचा.

त्यात वशिला चालत नसे. श्री सहसा मिळून जायची. जिना चढून सिलेंडर आणून देणाऱ्याला, मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरला, एकदा तर गल्लीतल्या कुत्रीला, कारण तिने मांजरीची पिल्लं सांभाळली. भूषण फार क्वचित. विभूषण कुणालाच नाही. भारतरत्नाचा विषय काढला की हात जोडायचे, "त्ये माझ्या अधिकारात न्हाय."

दिलेलं परतही घेत. मार्केट यार्डातल्या एका वांगीवाल्याला त्यांनी श्री दिली होती. पुढच्या आठवड्यात वांग्यात अळी निघाली. आबा पिशवी घेऊन उलट पावली यार्डात गेले आणि भर बाजारात ती रद्द केल्याचं पुकारून आले. वांगीवाल्याने पिशवी बदलून दिली, पण श्री काही परत मिळाली नाही. तो बिचारा मला कधी भेटला की विचारायचा, "आबांचा राग गेला का ओ?"

आणि मला? मी कॉलेजात शिकवते. संध्याकाळी चार पोरं खोलीवर शिकायला यायची. आबा जिन्यात बसून सगळा तास ऐकायचे आणि उठताना म्हणायचे, "मॅडम, आवाज फलाटापर्यंत पोचत न्हाय. पुढच्या वर्षी बघू." असा संताप यायचा! एवढी शिकलेली बाई मी, पण एका रिटायर कंट्रोलरच्या पद्मश्रीसाठी घसा ताणून शिकवायला लागले, हे कुणाला सांगायचीही सोय नाही.

एकदा चौकातल्या फ्लेक्सवर कुणाच्या तरी नावाआधी 'पद्मश्री' असं ठसठशीत छापलेलं त्यांना दिसलं. झालं! फ्लेक्सवाल्याच्या दुकानात जाऊन त्याला उभा आडवा घेतला. "पुरस्कार मानाचा असतो. ती काय पदवी न्हाय. नावाला लावायची न्हाय असा नियम हाय. स्टिकर हाय का त्ये, दिसंल तितं चिकटवायला?" फ्लेक्सवाला म्हणाला, "आबा, मी नुसतं छापतो." तरी नाव नवं छापून होईपर्यंत हे हलले नाहीत.

असा हा कुणाच्या बापाला न भिणारा माणूस पाण्याला मात्र भ्यायचा. कॅनॉलच्या पुलावरून जाताना बरोबर रस्त्याच्या मधून चालायचा. मागून ट्रॅक्टर हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. "कडंनं चाला की आबा!" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मधनं चालणाऱ्याला धडक बसती, पण पाणी लागत न्हाय." लहानपणी गावच्या विहिरीत पडले होते, थोरल्या भावाने केसाला धरून वर ओढलं, एवढंच काकूंनी एकदा सांगितलं.

गाव म्हणजे निरवांगी, इंदापूर तालुक्यात. ती विहीर दोघा भावांत सामाईक. थोरले भाऊ वारले, त्यांच्या मागे वैनी, म्हणजे आबांची भावजय, शेती बघायच्या. ऊस, थोडं डाळिंब. गावातली एक नवी सून धुणं धुताना पाटात गेली आणि हाकेच्या अंतरावर माणसं असून कुणाला काही करता आलं नाही, तेव्हा वैनींनी पदर खोचला. गावच्या पोरी आपल्या विहिरीवर बोलावल्या. पाठीला रिकामा डबा, कमरेला कासरा, कासऱ्याचं दुसरं टोक वैनींच्या मुठीत. पोरींच्या मागून सुना आल्या. त्यांना तर नेसत्या साडीनिशी पाण्यात उतरवायच्या. कुणी लाजत म्हणालं की कापडं बदलून येते, तर वैनी म्हणायच्या, "पडशील तवा कापडं बदलून पडणार हाईस व्हय? साडीत पडशील, साडीतच पवाय शिक." आसपासच्या गावांतल्या लेकीबाळींना पोहायला येतं ते ह्या एका बाईमुळे.

आणि ह्या बाईशी आबांचं हाडवैर. बायापोरी बुडतील, विहीर बुजवा, म्हणून खुद्द आबांनीच कधीकाळी तहसिलीत अर्ज दिला होता. चौकशीला माणूस आला. सगळा गाव वैनींच्या बाजूने उभा राहिला आणि अर्ज फेटाळला गेला. वर वैनी चारचौघांत बोलल्या, "भावजींना पाण्याचं भ्या वाटतं, म्हणून साऱ्या गावच्या पोरींनी भ्यायचं व्हय?" खरं होतं ते, म्हणूनच झोंबलं. आबांनी नरसिंहपूरच्या नरसिंहाची आण घेतली, की ह्या बाईच्या घरात पाऊल टाकणार नाही. नाही म्हणजे नाही. काकू चोरून जावेला फोन करायच्या, तेवढाच काय तो धागा.

एका वर्षी ऐन उन्हाळ्यात आबांची इंदापूरला दिलेली लेक स्कूटरवरून येताना कॅनॉलच्या कडेला घसरली. स्कूटर पाण्यात, ती पाण्यात, मागे बसलेला पोरगा पाण्यात. माणसं दोर शोधून आणेपर्यंत ही पोराला खांद्यावर घेऊन काठाला लागली होती. दवाखान्यात आबांनी विचारलं, "तुला पवाय कुणी शिकिवलं?" ती म्हणाली, "निरवांगीच्या काकीनं. तुमी ड्यूटीवर असताना सुट्टीत गावाला जायचो की आमी. तुमाला सांगायचं न्हाय असं ठरलं होतं."

आबा घरी आले. आठवडाभर कुणालाच काही पुरस्कार नाही. काकूंनी पुरणपोळी केली, तिलाही नाही. मग एका सकाळी माझ्या दारात उभे.

"मॅडम, कंप्युटर उघडा. एक नाव दिल्लीला पाठवायचंय. खऱ्या दिल्लीला."

"कुणाचं?"

"माझ्या वैरिणीचं."

कुणीही कुणाचंही नाव सुचवू शकतं हे मला ठाऊक होतं. पण आबांच्या तोंडून मजकूर लिहून घेणं म्हणजे काय दिव्य होतं ते माझं मला माहीत. अर्जात क्षेत्र निवडायचं होतं. मी क्षेत्रांची यादी वाचून दाखवली. "सगळीच लिवा. माणूस तरंगतो ते विज्ञान, साडीत तरंगतो ती कला, आन पोरी वाचत्यात ती समाजसेवा." एकच निवडता येतं म्हटल्यावर दिल्लीवर नाराज झाले. मग हात मागे बांधून फेऱ्या घालत सांगायला लागले, "लिवा. सदर बाई अत्यंत हट्टी आन तोंडाळ असून..."

"आबा, पुरस्कारासाठी आहे हे. फिर्याद नाही."

"दिल्लीला खोटं कळवायचं? हट्टी नसती तर विहीर राहिली असती का? माझ्यासारख्याला पुरून उरली ती!"

मी 'दृढनिश्चयी' लिहिलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाले, "ह्याला म्हणत्यात शिकलेलं माणूस." श्री मात्र दिली नाही.

शेवटी मला राहवेना. मी म्हटलं, "अहो, गाडी धरून निरवांगीला जा, आणि उपकार झाले म्हणा. एवढ्यासाठी तुम्हाला राष्ट्रपती लागतात होय?"

आबा खिडकीबाहेर बघत राहिले. "लागत्यात. माझ्या तोंडानं जमत न्हाय, मॅडम. म्हणून दिल्लीच्या तोंडानं सांगतोय." मग माझ्याकडे वळून बोट उगारलं, "आन ह्यात माझं नाव तिला कळता कामा न्हाय. कळलं तर ती दिल्लीला बी न्हाय म्हणंल. काकूलाबी बोलायचं न्हाय."

नाव गेलं. पाऊस झाला, गणपती झाले. दिवाळीच्या तोंडाशी काकूंचं काहीतरी बिनसलं. आबांचा जीव शेंगोळ्यांवर. कुळथाच्या पिठाची ती वेटोळी रश्श्यात शिजवून काकू करायच्या तशी मी कुठे खाल्ली नाहीत. ती अचानक बंद झाली. आबा विचारायचे, "कुळीथ संपलं का?" काकू भांडी आपटायच्या. आबांना वाटलं, बायकोचं वय झालं. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. दोघंही मूर्ख.

जानेवारीत यादी लागली. आबा नेहमीसारखे टीव्हीपुढे उभे. ह्या वेळी टोपी घालून, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावून. नावं आली, गेली. महाराष्ट्रातली नावं आली, गेली. निरवांगी आली नाही. आबांनी टीव्ही बंद केला, टोपी खुंटीला अडकवली आणि न जेवता झोपले.

सकाळी मी झेंडावंदनाला निघाले होते. आबा चहाचा कप समोर ठेवून बसलेले, चहावर साय धरलेली. काकूंनी ते बघितलं आणि त्यांचा बांध फुटला.

"आता कशाला तोंड पाडून बसलाय? दिवाळीला निरवांगीला माणूस धाडलावता, तवा न्हाय काय वाटलं?"

"कसला माणूस?"

"वैनींच्या चौकशीला! परत विहीर बुजवायला! त्यांनीच फोनवर सांगितलं मला. म्हातारपणी तरी सोडा की त्या बाईचा पिच्छा!"

मी दारातच थबकले. आबांचा चेहरा पांढरा पडला. "माणसानं काय विचारलं?"

काकूंनी सांगितलं ते असं. माणूस आला, साध्या कपड्यातला, हातात कागद. टपरीवर त्याने विचारलं, इथं कोण बाई पोरींना पोहायला शिकवते? गावाला वाटलं, आबांनी परत अर्ज केला. झालं, सगळा गाव एक झाला. टपरीवाला म्हणाला, "न्हाय बा. आमच्या पोरी पाण्याला लई भ्यात्यात." ओल्या वेण्यांच्या पोरी समोरून आल्या, त्या म्हणाल्या, "आमी आत्ताच न्हाऊन आलो." डबे कसले विचारलं तर गोडंतेलाचे. सरपंचांनी तर कमाल केली, "विहीर? कुठली विहीर?" पायऱ्यांच्या तोंडाशी तोवर पोरांनी कडबा रचून ठेवला होता. त्या माणसाने सगळं लिहून घेतलं, चहा प्याला आणि गेला. संध्याकाळी वैनींच्या अंगणात सगळ्या गावाने भजी खाल्ली.

सांगता सांगता काकूंना हसू फुटलं होतं. आबांकडे बघून ते थांबलं. मग मीच त्यांना सांगितलं, तो माणूस कशासाठी आला होता आणि नाव कुणी पाठवलं होतं ते. काकू मटकन खाली बसल्या.

"अगं बाई, आन मी तुमची शेंगोळी बंद केली!"

आबांनी चहाचा कप बाजूला सारला. "साऱ्या गावानं खोटं बोलून तिला वाचिवलं," ते म्हणाले. "कुणापासनं? माझ्यापासनं." आणि उठले. "टोपी कुठाय माझी? मॅडम, गाडी काढा."

माझ्या त्या जुन्या गाडीत आम्ही तिघं निघालो. कॅनॉल आला की आबा डोळे मिटायचे, गेला की उघडायचे. निरवांगीच्या शाळेत झेंडा वर गेला होता, भाषणं उरकत आली होती, पोरांच्या हातात जिलेबी. आबा सरळ गर्दीतून चालत गेले आणि सरपंचांच्या हातातला माईक घेतला. द्या म्हणाले नाहीत की काही नाही. गावात कुजबुज सुरू झाली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं."

तो आवाज! सगळं मैदान चिडीचूप. पोरींच्या घोळक्यात उभ्या असलेल्या वैनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. गहूवर्णी, उंच बाई, हात नांगरासारखे.

"दिवाळीला गावात माणूस आला होता. तो विहीर बुजवायला आला न्हवता. वैनींना पद्म द्यावं का, ते बघाय आला होता. नाव मी पाठिवलं होतं. तुमी त्याला सांगितलं, हितं कोण शिकवत न्हाय. तुमची चूक न्हाय त्यात. आदी तसला माणूस मीच धाडलावता, म्हणून तुमी तसं केलं." इथे आवाज जरा फाटला, पण आबांनी तो पुन्हा पकडला. "माझी लेक आन नातू ह्या बाईमुळं जित्ती हायत. ह्ये मला बोलाय जमत न्हवतं. दिल्लीचं दिल्ली बघंल. माझ्या अधिकारात जेवढं हाय तेवढं मी आज देतो. निरवांगीच्या आमच्या वैनींना पद्मविभूषण लागलेलं हाय."

टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कुणाला कळेना. वैनी गर्दीतून पुढे आल्या.

"झालं बोलून?"

"झालं."

"त्ये विभूषण असूंद्या तिकडं. भावजी, तुमाला पवता येतं का?"

"न्हाय."

"मग माझं काम अर्धंच झालंय की. चला."

सगळी शाळा हसली आणि सगळी शाळा मागून विहिरीवर आली. आबा काठाशी गेले आणि पाय रोवून उभे राहिले. आण आठवली असावी. "विहीर अर्धी माझी हाय," ते कुणीही न विचारता म्हणाले, "ह्ये काय घर न्हवं." वैनींनी स्वतःच्या हाताने त्यांच्या पाठीला डबा बांधला, कमरेला कासरा बांधला. आबा सदऱ्याची बटणं सोडायला लागले, तर त्यांनी हातावर चापट दिली. "पडशीला तवा कापडं काढून पडणार हायसा व्हय?"

शेवटच्या पायरीवर आबा बसले ते बसलेच. पाय पाण्यात, दोन्ही हात दगडाला घट्ट. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमटच असतं, तेव्हा थंडीचं निमित्तही नव्हतं. वरून काकू कधी देवाचं नाव घेत होत्या, कधी नवऱ्याचं. मला वाटलं, हा माणूस आता उठून वर येणार, आणि खरं सांगते, आला असता तर मला वाईट वाटलं नसतं.

"भावजी," वैनी हळूच म्हणाल्या, "तवा तुमच्या भावानं केसाला धरलं होतं. आता कासरा माझ्या हातात हाय."

आबांनी डोळे मिटले. घसा खाकरला. "गाडी... सुटत... हाय!" असं ओरडले आणि दगड सोडला.

ते पोहणं नव्हतंच. म्हैस डुंबावी तसा सगळा प्रकार. पाणी उडत होतं, टोपी एकीकडे, आबा दुसरीकडे. पोरी काठावरून ओरडत होत्या, "पाय मारा आबा, पाय!" पण समोरची भिंत जवळ आली. आबांचा हात तिथल्या दगडाला लागला. आख्खी विहीर ओरडली. मी काय ओरडले ते मला आठवत नाही, पण माझा आवाज नक्की फलाटापर्यंत पोचला असेल.

ओढून घेतल्यावर पायरीवर धापा टाकत त्यांनी विचारलं, "वैनी... कसं झालं?"

वैनींनी डोळे मिटले. घसा खाकरला. सगळ्या गावाला कळलं त्या कुणाची नक्कल करतायत ते.

"पद्मश्री. त्याच्या वर न्हाय."

"भूषण?"

"त्याला डबा सोडून यायला लागतंय."

आबा तिथेच बसून मोठ्याने रडायला लागले. वैनी कासरा गुंडाळत म्हणाल्या, "रडा. हितं पाण्याला काय तोटा हाय?" पण त्यांनीही पदर डोळ्यांना लावला, मी बघितलं.

चहाला घरी चला म्हटल्यावर आबा दाराशी अडले. नरसिंहाची आण. वैनी म्हणाल्या, "ज्याची आण घेतली, त्या देवानं त्येचं सगळं काम उंबऱ्यावर बसून केलं. तुमी बी बसा." ओल्या कपड्यांनी आबा उंबऱ्यावर बसून दोन कप चहा प्याले. ना आत, ना बाहेर.

पुढे माझी पुण्याला बदली झाली. मध्यंतरी बारामतीला गेले तर कॅनॉलच्या पुलावर आबा कठड्याकडेने चालताना दिसले. वाकून पाणी बघत होते. वैनींचं नाव त्यांनी पुन्हा पाठवलंय. चौकशीला पुन्हा माणूस आला, तर गावाने त्याला पोहणाऱ्या पोरी दाखवून दाखवून बेजार केला आणि जेवायला घालूनच सोडला. यादीत नाव अजून आलं नाही. आबांना त्याची चिंता नाही. "दिल्लीची गाडी हाय, मॅडम. उशीर हुईल. पण रद्द झाली असं कुणी पुकारलेलं न्हाय."

त्या दिवशी दारावरची पाटी रंगवायला पेंटर आला होता. आबांचं नाव लिहून झालं होतं, त्याच्या अलीकडे थोडी जागा उरली होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, जागा आहे तर नावाआधी पद्मश्री लिहायला सांगा की."

आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मॅडम, तुमी शिकलेल्या. नियम म्हंजी नियम. नावाला लावता येत न्हाय."

पेंटर ब्रश धुवायला नळावर गेला. आबांनी तो लांब गेल्याची खात्री करून घेतली, माझ्याकडे वाकले आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याशी हळू आवाजात बोलले.

"पण मिळालीय."